बाईंची पाठ आणि सात हात

माझ्या वर्गात येऊन आजवर कुणाचं दुखणं वाढलेलं नाही, असं पिलाटीसचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई छातीठोकपणे सांगत. वर्ग दुखणेकऱ्यांचा होता. पाठ, मान, गुडघा, खुबा, ज्याचा जो अवयव रुसला असेल तो घेऊन सातजण इस्पितळामागच्या खोलीत यायचे, चटईवर पडायचे आणि बाई करतील ते करायचे. हळूहळू, श्वास सोडत, आणि बाई सांगेपर्यंत जागचं न हलता. बाईंचा आणखी एक दंडक होता. दुखलं तर लपवायचं नाही, लगेच बोलायचं.

आता गंमत बघा. चार दिवसांपूर्वी सासूबाईंना न्हाणीघरातून उचलून आणताना बाईंच्याच पाठीत चमक भरली होती, आणि हे त्यांनी घरात, बाहेर, कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने! त्यात आज मोठ्या डॉक्टरीणबाई वर्ग बघायला येणार होत्या. वर्ग चालू ठेवायचा की त्या खोलीत मोडक्या खाटा रचायच्या, हे आजच ठरणार होतं.

बाईंनी सगळ्यांना कुशीवर झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि वरचा हात आढ्याकडे नेत छाती हळूच उघडायला सांगितली. स्वतः करून दाखवू लागल्या. हात वर गेला, आणि तिथेच पाठ धरली. हात पुढे येईना की मागे जाईना. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शहाण्या माणसाने अशा वेळी ओरडावं. बाई म्हणाल्या, "थांबा. इथेच थांबायचंय."

सातही हात हवेत थांबले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. निवृत्त शिंपीकाका मनात आकडे मोजायला लागले. पाठीपायी नोकरी गेलेला बसड्रायव्हर दात-ओठ खात आढ्याकडे बघत राहिला. कळ असह्य होऊन बाईंनी तोंड वाकडं केलं, तर मागच्या रांगेतल्या दोघींनी तेही केलं.

नेमक्या तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या आणि दारातच थबकल्या. दुखणेकरी माणसं इतकी स्थिर राहू शकतात, हे त्यांना खरंच वाटेना. वर्ग चालूच राहील, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि हा व्यायाम रोज घेत जा. बाईंनी जमिनीवरूनच "हो" म्हटलं. मान वळवून बघितलंसुद्धा नाही, याला डॉक्टरीणबाई एकाग्रता समजल्या आणि पावलं न वाजवता निघून गेल्या.

"आता सोडू का?" काकांनी विचारलं.

"सोडा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं. "हा व्यायाम नव्हता. माझी पाठ धरलीये. चार दिवस दुखतेय."

ड्रायव्हर भडकला. एक्स-रेत काही दिसत नाही म्हणून घरच्यांनीसुद्धा त्याचं दुखणं खोटं ठरवलं होतं. खरं मानलं होतं ते एकट्या बाईंनी. "आम्हाला बोला बोला म्हणता," तो म्हणाला, "आणि तुम्ही गप्प?"

राग ठीक आहे, पण बाईंना उठवायचं कुणी? सातांपैकी प्रत्येकाला दोन किलोंच्या वर काहीही उचलायला डॉक्टरीणबाईंनी लेखी बंदी केली होती. काकांचा जन्म मापं घेण्यात गेलेला. त्यांनी पडल्या पडल्या बेरीज केली.

"सगळे मिळून चौदा किलो होतात," ते म्हणाले. "तुमचं वजन किती, बाई?"

"एकसष्ट."

काकांनी बेरीज सोडून दिली.

"डॉक्टरीणबाईंना बोलवा," बाई म्हणाल्या. "काय झालं ते सांगून टाका."

सांगितलं की वर्ग बंद, हे सगळ्यांना कळत होतं. बंद झाल्यावर कुठे जायचं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर कसाबसा उठला, भिंतीला धरून दारापर्यंत गेला आणि त्याने आतून कडी घातली. मग तो परत आला आणि बाईंच्या शेजारी आडवा झाला.

"कळ उतरेल हळूहळू," तो म्हणाला. "आम्ही थांबलोय की चार वर्षं."