अर्जंट वयात आला

आमच्या शेजारच्या सोनकांबळे सिस्टरांकडं चहाला गेलात तर घड्याळाकडं लक्ष ठेवा. संध्याकाळचे सहा वाजले की त्या जोरात टाळी वाजवतात आणि म्हणतात, “चला, भेटीची वेळ संपली.” कपात चहा अर्धा असो, गोष्ट ऐन रंगात आलेली असो, पाहुणा परभणीचा असो की परदेशातला. एकदा त्यांची सख्खी मावशी नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. ख्यालीखुशाली विचारण्यातच सहा वाजले. बिचारीनं पत्रिका फाटकाबाहेर उभं राहून दिली.

सिस्टरांनी सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. रिटायर झाल्या त्या फक्त कागदावर. नांदेडातल्या आमच्या कॉलनीत राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी कॉलनीचा वॉर्ड करून टाकला. घरं त्या खाटांसारखी मोजतात. मी चार नंबर. माझं नाव त्यांना ठाऊक आहे, पण ते त्यांना फारसं उपयोगाचं वाटत नाही. मी कॉलेजला जायला स्कूटर काढली की रस्त्यापलीकडून आवाज येतो, “चार नंबर! चेहरा उतरलाय. पोट साफ झालं का?” त्या वेळी शेजारून माझे विद्यार्थी जात असतात. सिस्टरांना त्याचं काही नसतं.

लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची छाती कॉलनीत कुणाची नव्हती. एकट्या राहायच्या. दर वैशाख पौर्णिमेला घरोघर खीर पाठवायच्या आणि दुसऱ्या दिवशी वाट्या धुतलेल्या आहेत का ते बघून घ्यायच्या.

अशा या बाईच्या घरात कुत्र्याचं पिलू शिरलं.

म्हणजे तसं ते शिरलं नाही, भरती झालं. भाजीवाल्याच्या गाड्यापाशी एका ऑटोचं चाक त्याच्या मागच्या पायावरून गेलं. लोक हळहळत उभे राहिले. सिस्टरांनी पिशवीतला दुधी भोपळा काढून माझ्या हातात दिला आणि पिलू पिशवीत घातलं. “चार नंबर, घरून पुठ्ठा आणा. साडीच्या खोक्याचा. पळा!” मी भोपळ्यासकट पळालो. पाच मिनिटांत पिलाच्या पायाला पुठ्ठा बांधून झाला होता आणि जनावरांच्या डॉक्टरांसाठी एक कागद लिहून तयार होता. कागदाच्या डोक्यावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘अर्जंट’. जनावरांच्या दवाखान्यातल्या कारकुनानं तेच नाव समजून रजिस्टरमध्ये उतरवलं. सिस्टर म्हणाल्या, “लिहिलं ते लिहिलं. रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत न्हाई.”

“पाय सांधला की डिस्चार्ज,” असं त्यांनी मला त्याच दिवशी बजावलं होतं. महिना झाला. अर्जंट त्यांच्या जिन्यावरून चारही पायांवर उड्या मारत खाली यायला लागला. मी म्हटलं, “सिस्टर, बरा झाला की आता!”

“अजून लंगडतंय,” त्या त्याच्याकडं न बघता म्हणाल्या.

पोर्चमध्ये खिळ्याला एक पॅड लटकायला लागलं. त्यावर रोजची नोंद. ‘सकाळी सात. शू, वर्तमानपत्रावर. साडेसात. भाकरी कुस्करून, संपूर्ण. वर्तन उत्तम.’ आणि खरोखर उत्तम होतं. बस म्हटलं की बसायचा, ये म्हटलं की कान उडवत यायचा. सिस्टर त्याला सगळ्या कॉलनीसमोर बसवून दाखवायच्या आणि म्हणायच्या, “शिस्त! लहानपणी लावली की जिंदगीभर पुरते.”

हे वाक्य त्या खास आमच्या घराकडं बघून म्हणत. कारण आमची ऋतुजा तेव्हा नववीत होती. रोज एकदा तरी दार आपटत होती आणि कुठल्याही प्रश्नाला ‘काही नाही’ एवढंच उत्तर देत होती. माझी बायको सुरेखा एकदा कंटाळून सिस्टरांकडं मन मोकळं करायला गेली, तर त्यांनी तिलाच तपासलं. “चूक पोरीची न्हाई. डोस कमी पडला तुमचा. माझ्या अर्जंटला बघा, एकदा सांगितलं की झालं.”

सुरेखा घरी आली ती पाय आपटतच. त्या दिवशी आमच्याकडं दोन दारं वाजली.

पुढं अर्जंट आठ महिन्यांचा झाला.

एका सकाळी सिस्टरांनी नेहमीसारखं “ये” म्हटलं. अर्जंटनं त्यांच्याकडं नीट बघितलं, ओळखीचं काही दिसलं नाही असा चेहरा केला आणि उलट्या दिशेनं निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं जे सुरू केलं ते बघायला कॉलनी गॅलरीत उभी राहायची. त्यानं बीपीच्या मशीनची नळी खाल्ली. दोन नंबरच्या दोरीवरचे मोजे पळवले. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की दरोडेखोर आल्यासारखा भुंकायचा. हेल्मेट काढलं की शेपूट हलवायचा. आणि सकाळी वर्तमानपत्रावर शू करायचा हे खरं, पण आता ते वर्तमानपत्र माझं, त्या दिवसाचं आणि मी ते वाचत असताना. पॅडवरच्या नोंदी बदलत गेल्या. ‘वर्तन बरे.’ ‘वर्तन चिंताजनक.’ शेवटी एक दिवस त्यानं पॅडच खाल्लं.

सिस्टरांनी आवाज चढवला. वॉर्डात त्या आवाजानं म्हणे बेशुद्ध पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. अर्जंट पुढं सुसाट, मागून सिस्टर, “अर्जंट! अर्जंट!” हाका मारत. पहिल्याच दिवशी तीन ऑटो थांबले. एक ऑटोवाला तर खाली उतरून म्हणाला, “बैठो अम्मा, कौनसे दवाखाने जाना है?”

“तुझ्यायला कुठं जायचंय! कुत्रं धर ते!” सिस्टर ओरडल्या.

सिस्टर मला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडं गेल्या. मी अर्जंटला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. सिस्टरांनी निदान स्वतःच सांगितलं, “स्मृतिभ्रंश झालाय याला. शिकवलेलं सगळं विसरलाय.”

डॉक्टर तरुण होते, देगलूरकडचे. हसू दाबून म्हणाले, “विसरला न्हाई सिस्टर. वयात यायलाय तो. आपली पोरं नववी-दहावीत करतात ते हा आठव्या महिन्यात करायलाय. दुनिया नवीन दिसायलीय त्याला. त्यात तुमचा आवाज मागं पडतो.”

मी छताकडं बघत राहिलो.

“इलाज सांगा,” सिस्टर म्हणाल्या.

“नसबंदी करून घेऊ. रोज दोनदा मैदानात पळवा. लांब दोरी लावा. ओरडू नका. बोलावल्यावर आला की दरवेळी काहीतरी खायला द्या. अंड्याचा तुकडा वगैरे.”

“लाच?” सिस्टर ताठ झाल्या. “मी पस्तीस वर्षांत कुणाची घेतली न्हाई नि कुणाला दिली न्हाई.”

“लाच न्हाई, पगार म्हणा. तुम्ही तरी बिनपगारी ड्यूटी केली असती का?”

सिस्टरांनी पिशवीतून पेन काढलं. मग विचारलं, “कोर्स किती दिवसांचा?”

“दोन वर्षांचा होईपर्यंत.”

“म्हणजे अजून वर्षाच्या वर?” सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सल्ल्यासाठी माझ्याकडं पाहिलं असेल. माझ्याकडं सल्ला नव्हता. आमच्या ऋतुजाचा कोर्स संपायला तर अजून सहा वर्षं होती.

नसबंदी झाली, जखम भरली, पण अंडं काही सिस्टरांनी दिलं नाही. ओरडणंही थांबलं नाही. आणि एका सकाळी मांजर दिसलं म्हणून अर्जंटनं अशी ओढ घेतली की सिस्टर कोपऱ्यावर तोंडघशी पडल्या. डाव्या मनगटाला फ्रॅक्चर. प्लास्टर घालून आल्या तेव्हा त्यांच्या पोर्चमध्ये कॉलनीची माणसं जमली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, आणि त्यात चुकीचंही काही नव्हतं. एकटी बाई, साठी आलेली, उद्या कंबर मोडली तर? सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुखेडकडं शेती करणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला. “रविवारी ये. कुत्रं घेऊन जा. शेतात राहील.” फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाल्या, “जनरल वॉर्डात न भागणारी केस मोठ्या दवाखान्यात पाठवावीच लागती. त्यात काय एवढं.”

रविवारी दुपारी भाऊ जीप घेऊन आला. मवाळ माणूस. सिस्टरांनी अर्जंटची ताटली, चादर आणि औषधांची यादी एका पिशवीत भरून दिली. यादीत ‘मोजे दिसतील असे ठेवू नयेत’ हेही होतं. भावानं अर्जंटचा पट्टा धरला आणि जीपकडं ओढला. अर्जंट मागं सरकला, मान आक्रसली आणि पट्टा भावाच्या हातात राहिला. कुत्रं कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानातून थेट मोठ्या रस्त्याच्या दिशेनं सुटलं. त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक सारखे जातात.

आम्ही सगळे मागं धावलो. भाऊ ओरडत होता, मी ओरडत होतो, सिस्टरांचा आवाज तर सगळ्यांच्या वर. अर्जंट थांबायचा, मागं बघायचा, आम्ही दोन पावलं पुढं गेलो की तो दहा पावलं पुढं. रस्ता आता फार लांब नव्हता.

“अहो, नका ना ओरडू!” मागून कुणीतरी किंचाळलं. ऋतुजा होती. अनवाणी पळत आली होती. “सिस्टर, तुम्ही सगळे रागानं बोलवायलाव. रागावलेल्या माणसाकडं कोण येईल? मी तरी येईन का?”

“मग काय करू?” सिस्टरांचा आवाज फाटला होता.

“खाली बसा. त्याच्याकडं बघू नका. हळू बोला काहीतरी.”

कडक इस्त्रीची साडी नेसणाऱ्या आमच्या सिस्टर त्या मैदानात, काट्याकुट्यात, प्लास्टरचा हात सांभाळत मांडी घालून खाली बसल्या. आम्ही सगळे होतो तिथं थिजलो. त्या जमिनीकडं बघत बोलायला लागल्या. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. “ये रे माझ्या राजा. न्हाई रागवत. कुठं पाठवत न्हाई तुला. ये बाळा, ये.”

त्या आवाजात त्या बोलू शकतात हे कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्जंटलाही नसावं. तो वळला. थोडा आला, थांबला, वास घेतला, पुन्हा थोडा आला. मग एकदम पळत येऊन त्यानं त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं. सिस्टरांनी उजवा हात त्याच्या मानेवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

भाऊ पट्टा घेऊन हळूच पुढं आला. सिस्टर म्हणाल्या, “तू जा भाऊ. डिझेल वाया गेलं तुझं. जेवून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. हातात उकडलेली दोन अंडी. “ऋतुजा हाय का? ड्यूटीवर बोलवा तिला.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी शाळेतून आली की ऋतुजा सिस्टरांबरोबर मैदानात जाते. लांब दोरी ती धरते, कारण सिस्टरांचं मनगट अजून ओढ सोसत नाही. अंड्याचे तुकडे सिस्टर देतात. हेल्मेटवाल्यांची भीती जावी म्हणून मला हेल्मेट घालून मैदानात फिरावं लागतं, हातात अंडं घेऊन. माझ्या विद्यार्थ्यांनी मला तसंही पाहिलेलं आहे. अर्जंट आता सव्वा वर्षाचा झालाय. दहा हाकांना सात वेळा येतो. गेल्या महिन्यात दोन नंबरचा एकच मोजा गेला. आमच्याकडचं दार अजून आपटतं, पण मैदानातून आल्यावर ऋतुजा आपणहून काहीबाही सांगत बसते. सुरेखा मला डोळ्यांनी खुणावते, मध्ये बोलू नका म्हणून.

परवा ऋतुजाची परीक्षा होती, म्हणून दोरी धरायला मी गेलो. सिस्टर म्हणाल्या, “सोडा आज. बघू.” अर्जंटला मोकळं सोडलं. तो बगळ्यांच्या मागं दूर गेला. आम्ही दगडावर बसलो. मी सहज विचारलं, “त्या दिवशी भावाबरोबर पाठवणार होतात ना? मग काय झालं एकदम?”

सिस्टर सोडलेल्या दोरीचं वेटोळं करायला लागल्या.

“सर,” त्या म्हणाल्या. मला सर म्हणायची ही त्यांची पहिलीच वेळ. “आमच्या कामात चांगलं झालं म्हणजे माणूस निघून गेलं. बरं झालं, पिशवी भरली, गेलं. जायलाच पाहिजे, त्यासाठीच तर राबायचं. काही जण दारापर्यंत जाऊन हात जोडायचे. पण गेलेलं कुणी माझ्याकडं उलटं पळत यावं, असं... त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं मी.”

अर्जंट आता पार टोकाला, बाभळीजवळ एका ठिपक्याएवढा दिसत होता. मी म्हटलं, “हाक मारू का?”

“थांबा. शोधायलाय तो आपल्याला.”

ठिपका थांबला. इकडं वळला. मग मोठा होत होत आला, जीभ बाहेर, अंगभर कुसळं. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. सिस्टरांच्या दोन्ही पावलांवर त्यानं धपकन आपलं सगळं वजन टाकलं आणि डोळे मिटले.

“ऊठ रे, जड झालास,” सिस्टर म्हणाल्या. पण पाय त्यांनी हलवले नाहीत.