भरमाण्णांचे हुकूमशहा

बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीत भरमाण्णांच्या सोप्यात, काचेच्या कपाटात, एकाच हुकूमशहाच्या तीन कवळ्या मांडून ठेवल्या आहेत. तिन्ही वरच्या जबड्याच्या. विकणारे तिघं वेगवेगळे, पण तिघांनीही पोराबाळांची शपथ घेऊन सांगितलं होतं की ही त्याचीच. पाहुणा हसायला लागला की अण्णा गंभीर चेहऱ्यानं खुलासा करतात, "एक जेवायची, एक भाषणाची, आणि एक पेल्यात ठेवायची."

हुकूमशहाचं नाव मात्र विचारायचं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या माणसांची नावं घेतली की तोंड वाईट होतं, असं अण्णांचं मत. जर्मनीचा तो 'मिशीवाला' आणि इटलीचा तो 'टकल्या'. एवढ्यावर सगळं भागतं.

अण्णा सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. बेळगाव-निपाणी मार्गावर हयात गेली. त्यामुळे सोप्यात चार माणसं जमली की आजही त्यांच्या तोंडून "पुढं सरका, पुढं मोकळं हाय" असं आपोआप निघतं. लढायांची पुस्तकं वाचायचं वेड जुनं. आमच्या भागात घरोघरी कुणी ना कुणी पलटणीत गेलेलं, तेव्हा हे वेड कुणाला नवल वाटत नाही. कवळ्यांचं मात्र वाटतं.

मी शेजारी राहायला आलो आणि कॉलेजात इतिहास शिकवतो हे कळलं, तसं अण्णांनी पहिल्याच रविवारी बोलावून घेतलं. मिशीवाल्यानं लढाईचा पहिला हुकूम ज्यावरून सोडला तो फोन दाखवला. फोनला बटणं होती. त्याची टोपी दाखवली. आत खडेबाजारातल्या एका लग्नाच्या बँडचा शिक्का होता. मग टकल्याचा कंगवा दाखवला. मी कसंबसं म्हणालो, "अण्णा, टक्कल असलेल्या माणसाला कंगवा…"

"इकणारा म्हणला, टक्कल पडायच्या आधीचा हाय."

"राग मानू नका अण्णा, पण हे सगळं खरं नसावं."

"नसावं?" अण्णा एकदम दुखावले. "अवो, खोटंच हाय! हितं एकबी वस्तू खरी न्हाय. ग्यारंटी!"

आणि त्यांनी कपाटावरच्या पाटीकडे बोट केलं. ती मी वाचलीच नव्हती. वर मराठीत 'खोटे' आणि खाली कन्नडमध्ये 'सुळ्ळु'. "दोन्ही भाषेत लिवलंय," अण्णा म्हणाले. "एवढ्या बाबतीत तरी आपल्याकडं वाद नगो."

अण्णा वस्तू विकत घ्यायचेच नाहीत. ते गोष्ट विकत घ्यायचे. मिरजेचा एक माणूस मिशीवाल्याचा ओव्हरकोट घेऊन आला तेव्हा मी तिथंच होतो. अण्णांनी त्याला चहा दिला, बशीत कुंदा ठेवला आणि कोट न उघडताच म्हणाले, "वस्तूचं ऱ्हाऊ दे. गोष्ट सांग."

त्यानं सांगितलं, आजा बर्लिनला होता, राजवाड्यात शिरला, खुंटीवरचा कोट उचलला.

"हितं गोष्ट पडली," अण्णा म्हणाले. "खुंटीला लावलेला कोट कोणबी उचलंल. तुजा आजा करत काय हुता तवा?"

माणूस विचारात पडला. मग आजाच्या पायाला गोळी लागली. मग राजवाड्यातल्या स्वयंपाकीण बाईनं त्याला लपवलं. मग थंडीनं काकडताना तिनंच हा कोट अंगावर घातला. अण्णांचे डोळे लकाकले. "लई भारी खोटं! बाईचं नाव सांग, दहा वाढवतो." बाईचं नाव निघालं गंगूबाई. बर्लिनमध्ये! अण्णा हसून हसून खोकायला लागले आणि वीस वाढवून दिले.

गल्लीतली माणसं अण्णांना वेडं म्हणत. तोंडावरच म्हणत. अण्णांना त्याचं काहीच वाटायचं नाही. उलट नवी वस्तू आली की स्वतःच हाका मारून दाखवायचे.

मागच्या वर्षी निपाणीहून एक म्हातारी आली. ताराक्का तिचं नाव. ऐंशीच्या पुढची, काटक, नाकात ठसठशीत नथनी. बेळगावात कुणीतरी येडा हुकूमशहांच्या वस्तू घेतोय, असं तिच्या कानावर गेलेलं. तिनं रुमालाची गाठ सोडली. आत एक काळवंडलेला छोटा चमचा होता, कॉफीचा असतो तसला. दांड्यावर एक नक्षीदार अक्षर.

"गोष्ट सांगा आक्का," अण्णा म्हणाले.

गोष्ट साधीच होती. तिचा बा पलटणीत खेचरं हाकायला होता. इटलीत, पावसाळी थंडीत, गुडघाभर चिखल. एका डोंगरावर गढी होती, टकल्याची उन्हाळ्यात राहायची जागा. बा तिथं पोचला तोवर आधीच्यांनी सगळं धुऊन नेलं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर नुसता चिखल. बाचं खेचर आत शिरलं, त्याच्या खुराखाली काहीतरी वाजलं. तो हा चमचा.

"बाकी घरातली समदी हसायची," ताराक्का म्हणाली. "बा प्रत्येक दिवाळीला ही गोष्ट सांगायचा. चुलतं म्हणायचं, आला बघा राजाचा जावई. आता नातवंडं म्हंत्यात भंगारात टाक. म्हटलं, कुणीतरी न हसता ऐकंल का बघावं."

अण्णा हसले नाहीत. घासाघीसही केली नाही. "हितं खेचर कशाला आणलंसा" असं काही म्हणालेसुद्धा नाहीत. मला वाटलं गोष्ट त्यांना पडेल वाटली. पण ताराक्काला बसस्टॉपपर्यंत सोडून आल्यावर ते म्हणाले, "ह्या गोष्टीत बनवलेलं काय गावंना, सर. जरा चुकल्यागत वाटतंय."

पुढं काही महिन्यांनी आमच्या कॉलेजात इटलीचा एक अभ्यासक आला. मार्को त्याचं नाव. आपल्याकडचे सैनिक इटलीत कुठं कुठं लढले ते शोधत तो बेळगावच्या लष्करी कॅम्पात महिनाभर राहिला होता. म्हटलं, चला, गंमत म्हणून अण्णांचं कपाट दाखवू. अण्णांनी त्याचं लगेच 'मारुतराव' करून टाकलं. मारुतराव कवळ्या पाहून हसले, फोन पाहून हसले, कंगवा पाहून तर खालीच बसले. मग चमच्यापाशी आले आणि हसायचे थांबले.

त्यांनी तो उलटा केला. खिशातून भिंग काढलं. दांड्यामागचा कारागिराचा ठसा बघितला, अक्षराच्या वळणाला कोपऱ्यात पडलेला बारीकसा दोष बघितला. फोटो काढून गावाकडं पाठवले. तिथल्या एका संग्रहात याच संचातले बाकीचे चमचे होते. त्यांच्याही अक्षरात तोच दोष. पण मारुतरावांनी मला समजावलं, की तेवढ्यानं भागत नाही. अशा वस्तूला किंमत येते ती तिच्या वंशावळीनं. कुणाच्या घरातून निघाली, कुणी उचलली, मग कुणाकुणाच्या हातून गेली, ही साखळी जुळली तरच घेणारा हात पुढं करतो. आणि मी सांगितलेली म्हातारीची गोष्ट जुळत होती. ती गढी, तो चिखल, आपली खेचरांची तुकडी, सगळं जागच्या जागी होतं. एवढ्याशा चमच्याचे त्यांनी जे सांगितले, त्यात कंग्राळीच्या हद्दीवर जमिनीचा एक तुकडा आला असता.

मी धावत जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा डॉक्टरनं वाईट रिपोर्ट दिल्यासारखा झाला.

"खरा निघाला?"

"शंभर टक्के!"

अण्णांनी दोन बोटांच्या चिमटीत चमचा धरला आणि बाहेर कट्ट्यावर नेऊन ठेवला. "माज्या घरात खरं नगो," ते म्हणाले. "ह्या कवळ्यांनी कुणाचं वाईट केलं न्हाय, सर. ती टोपी वरातीत नाचून आलीया. पर हा चमचा? हा साखर ढवळत बसला आसंल, आन् तिकडं माणसं मरत हुती."

"मग विका."

"माजा न्हाय तो. मी भंगाराच्या भावानं घेतलाय. चला निपाणीला."

आम्ही बसनं गेलो. अण्णांनी वाटेत त्या बिचाऱ्या पोरसवदा कंडक्टरच्या वतीनं तीन वेळा लोकांना पुढं सरकवलं. पण संकेश्वर गेल्यावर खिशातला चमचा चाचपत राहिले. "म्हातारीला कसं सांगायचं?" एवढंच एकदा म्हणाले.

ताराक्का अंगणात शेंगा निवडत होती. आम्हाला बघून म्हणाली, "काय वो, चमचा परत आणलासा? म्या पैशे देणार न्हाय हां."

अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. "आक्का, तुमचा बा खरं बोलत हुता."

तिला कळलंच नाही. अण्णांनी परत सांगितलं. इटलीचा माणूस आलता, त्यानं तपासलं, गढी खरी, चिखल खरा, चमचा त्याच घरचा. किंमतही सांगितली, आणि आपण फक्त खोटंच ठेवतो, घरात खरं नको, हेही सांगितलं. किमतीकडं तिचं लक्षच नव्हतं. मांडीवरच्या शेंगा तशाच खाली सांडल्या.

"खेचराचं?" तिनं विचारलं. "खुराखाली गावला ते?"

"त्येबी खरंच आसणार. खोटं सांगायचं आसतं तर राजाच्या हातातनं हिसकावला म्हणला आसता. खेचराला कशाला मान दिला आसता?"

ताराक्का पदरानं डोळे पुसत हसली. मग तिनं ती गोष्ट पुढं सांगितली, जी आमच्याकडं आली तेव्हा सांगितली नव्हती. बा लढाईला गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. पोरगी झाल्याचं त्याला तिकडं कळलं. चमचा उचलला तो तिला भरवायला. परत आला तेव्हा ती चालायला लागलेली, ह्या परक्या बाप्याला बघून रडायची. हा चमचा दाखवून दाखवून त्यानं तिला जवळ आणली. "म्हणायचा, राजाला उठवलाय जेवनावरनं, आता तू बस."

ती आत गेली, चहा घेऊन आली, आणि आमच्यासमोर त्याच चमच्यानं साखर ढवळली. माझ्या अंगावर काटा आला, कारण मला भाव माहीत होता. अण्णांनी मात्र कप घेतला आणि गुमान प्याले. ज्याला घरात ठेवून घेतलं नव्हतं, त्याच पाप्याच्या चमच्यानं ढवळलेला चहा.

"एक इचारू?" ताराक्का म्हणाली. "खरं नगो म्हंतासा, मग खोटं कशाला गोळा करतासा वो?"

इतकी वर्षं शेजारी राहून मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. मला वाटायचं, छंद आहे.

अण्णांनी रिकामा कप हातात फिरवला. "बायकू माजी, सुमन," ते म्हणाले. "मी रिटायर झालो तवा तिनं मला एक मफलर आणून दिला. इकणाऱ्यानं तिला सांगितलं, मिशीवाल्याचा हाय. मला लढाईचं वेड, तिला वाटलं, ह्येला लई आनंद हुईल. मी उलटा करून बघितला, तर आत लुधियान्याची पट्टी. ती माज्या तोंडाकडं बघत हुती. म्हणलो, अस्सल हाय."

"मग?"

"मग तिनं गल्लीभर सांगितलं. बायका नळावर हसाय लागल्या. येक दिवस तिनं ऐकलं. घरी आली, मफलर ट्रंकेच्या तळाला घातला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पैली कवळी आणली. गल्लीला हाका मारून दाखवली. म्हटलं, हसायचं तर माज्यावर हसा. तिच्या एकटीवर नगो."

"आन् ती?"

"कवळी बघून सगळ्यात जास्त तीच हसली." अण्णांनी कप खाली ठेवला. "मग मी आणतच गेलो. ती गेल्यावरबी सवय सुटंना."

ताराक्कानं त्यांचा कप उचलला, परत भरून आणला, परत चमच्यानं ढवळला. अण्णांनी तिला चमचा विकायचा आग्रह केला; नातवाचं घर होईल म्हणाले. ती म्हणाली, "बघू की." अजून बघतेच आहे. मारुतराव दर दोन-तीन महिन्यांनी मला विचारतात, मीही तेच उत्तर कळवतो.

निघताना ती दारापर्यंत आली. "अण्णा, त्यो मफलर आणा की येकदा. बघू तरी."

गेल्या आठवड्यात मी कॉलेजला निघालो होतो. एप्रिलचं ऊन सकाळी नवालाच चटके देत होतं. बसस्टॉपवर अण्णा उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात कुंद्याचा डबा, आणि गळ्याभोवती दोन वेढे देऊन तपकिरी रंगाचा लोकरी मफलर. घामानं नुसते निथळत होते.

"निपाणी?" मी विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि मफलर जरा नीट केला.