आकसणाऱ्या स्केट्सचा छडा

लॉर्न फेडोरकच्या मते कॅनडाच्या अख्ख्या सस्कॅचवान प्रांतात तल्लख मेंदू दोनच होते, आणि दुसरा कोणाचा हे अजून सापडायचं होतं. "मी माणसाकडे बघत नाही, डोरीन. मी माणसाच्या आरपार बघतो," असं तो धाकट्या बहिणीला सांगायचा, आणि त्याच दमात आपला चष्मा कुठे ठेवलाय तेही तिलाच विचारायचा.

त्याने कार्डं छापून घेतली होती. 'लॉर्न फेडोरक. खासगी तपास. संपूर्ण गुप्तता. अंगणातला बर्फही उपसून मिळेल.' त्याआधी एकतीस वर्षं तो हार्वेल क्रीकच्या धान्य कोठारावर गव्हाची प्रत ठरवायचा. मूठभर गहू नाकाशी न्यायचा आणि 'दोन नंबर' म्हणायचं, एवढंच काम. निवृत्तीनंतर नाक रिकामं पडलं, तेव्हा त्याने ते लोकांच्या भानगडींत खुपसलं. आजवर त्याने दोन मोठी प्रकरणं हाताळली होती. चर्चमधून गायब झालेलं कॉफीचं पिंप चर्चमध्येच सापडलं. चोरीला गेलेलं फावडं एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर जागच्या जागी सापडलं. दोन्ही वेळा लॉर्न म्हणाला, "दबाव आणला की गुन्हेगार माल परत ठेवतो."

डोरीन शाळेची बस चालवायची. उणे बत्तीस अंशांत लॉर्नची गाडी सुरू होत नसे, त्यामुळे हार्वेल क्रीकमधला गुप्त तपास पिवळ्याधमक, छत्तीस आसनी बसमधून चाले.

त्या सोमवारी कोलेट बॉयको लंगडत स्वयंपाकघरात आली आणि तिने बर्फावरच्या हॉकीच्या काळ्या स्केट्सची जोडी टेबलावर आपटली. कोलेट तेहतीस वर्षांची, वेल्डिंगचं दुकान चालवणारी बाई. ट्रॅक्टरचा मोडलेला दांडा ती अर्ध्या तासात जोडायची. तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आज डोळे लाल होते.

"माझे स्केट्स कुणीतरी लहान करतंय," ती म्हणाली.

लॉर्न उठून उभा राहिला. आयुष्यभर तो याच वाक्याची वाट बघत होता.

"सविस्तर सांग. घाबरू नकोस."

"घाबरतेय कोण? पाय ठणकतायत. ऑक्टोबरमध्ये घेतले तेव्हा घट्ट होते. दुकानात रॉस म्हणाला, सैल होतील. नोव्हेंबरात जास्त घट्ट झाले. आता दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. हे बघ." तिने मोजा काढला. अंगठ्याचं नख जांभळं पडलं होतं. "आणि शनिवारी माझी परीक्षा आहे, लॉर्न."

गावच्या संघात बचावाची एक जागा रिकामी झाली होती. कोलेट सहा वर्षांची असल्यापासून त्या जर्सीकडे बघत आली होती. गावात तिच्याइतकं जोरात उलटं स्केटिंग करणारं कोणी नव्हतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तर समितीला तीन बैठका घ्याव्या लागल्या. शेवटी ठरलं ते असं: शनिवारच्या सामन्यात तिने बर्फावर उतरायची एकही खेप न चुकवता तिन्ही डाव खेळून दाखवावेत. एकदा जरी बाकावर बसून राहिली, तरी जागा ट्रेंटची. ट्रेंट म्हणजे रॉस टिमचकचा पुतण्या. रॉस टिमचक म्हणजे संघाचा प्रशिक्षक, रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, समितीचा सचिव, आणि गावातलं स्केट्सचं एकमेव दुकान ज्याचं आहे तो. हार्वेल क्रीकमध्ये लोकशाही होती. फक्त माणसं कमी असल्याने ती सगळी रॉसच्याच वाट्याला आली होती.

"हेतू, संधी, पुतण्या," लॉर्न पुटपुटला. "डोरीन, बस काढ."

पहिला सिद्धान्त अदलाबदलीचा. रोज कुणीतरी कोलेटचे स्केट्स उचलून हुबेहूब तसेच, पण किंचित लहान स्केट्स तिथे ठेवतं. लॉर्नने डोरीनच्या नेलपॉलिशने टाचेच्या आत गुप्त खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण तिथेच होती.

"म्हणजे बदलले नाहीत," डोरीन म्हणाली.

"म्हणजे त्यांच्याकडेही तुझंच नेलपॉलिश आहे. माणूस घरातला आहे, डोरीन. तू काल कुठे होतीस?"

"तुला बसमधून फिरवत होते."

"हं. पक्की साक्ष आहे," तो जरा नाराजीनेच म्हणाला.

दुसरा सिद्धान्त उष्णतेचा. चामडं तापलं की आकसतं. बुधवारी लॉर्नने रिंकमधल्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीभिंतीला थर्मामीटर लावलं. खोलीचं तापमान निघालं चार अंश. चार अंशांत आकसतं ते फक्त माणूस. मग त्याने सिद्धान्त उलटा केला: थंडीने चामडं आकसतं. कोलेट म्हणाली, स्केट्सना चामडं नाहीच, सगळं प्लास्टिक आहे. लॉर्नने वहीत लिहिलं, 'फिर्यादी तपासात अडथळे आणते.'

तिसरा सिद्धान्त म्हणजे ट्रेंट. गुरुवारी रिंकवर सरावानंतर लॉर्न त्याच्या मागावर गेला आणि पाच मिनिटांत धापा टाकत परतला.

"रंगेहाथ! पाय बर्फाच्या बादलीत बुडवून बसलाय. तोही लंगडतोय!"

"मग तो गुन्हेगार कसा?"

"गुन्हेगार नेहमी पीडिताचं सोंग घेतो."

"मग गोलरक्षक पण लंगडतोय. तो लाल केसांचा पण. अरे, बाहेर पडणारा प्रत्येक जण लंगडतोय, लॉर्न."

लॉर्नचा चेहरा उजळला. "टोळी!"

डोरीनने डोळे मिटले. छत्तीस पोरं मागे बसून किंचाळत असतानाही तिला इतका थकवा येत नसे. "लॉर्न, कुणी कोलेटचा पाय मोजलाय का?"

"डोरीन," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "पाय हा संशयित नाही."

एवढ्यात रॉस टिमचक शिट्टी गळ्यात अडकवून तिथे आला. डोरीनने त्यालाच विचारलं. तो दोघांना दारातल्या काचेच्या कपाटापाशी घेऊन गेला आणि त्याने टोपी काढली.

कपाटात निळ्या मखमलीवर जुन्या, तपकिरी स्केट्सची जोडी होती. खाली पितळी पाटी: 'स्टॅन पिधोर्नी. सन एकसष्टची अंतिम लढत. तीन गोल.' रिंकवर जाणारा प्रत्येक खेळाडू त्या काचेला हात लावून जायचा. काचेवर त्या जागी ओशट डाग पडला होता.

"स्टॅनच्या बुटाचा नंबर आठ," रॉस म्हणाला. "माझ्या वडिलांनीच विकले होते त्याला बूट. आणि हे स्केट्स बघ. पाच नंबर. आठातून तीन वजा. पाय आवळला की माणूस वारा होतो. एकेचाळीस वर्षं मी आणि माझे वडील या गावाला तीन नंबर लहान स्केट्स देत आलो. कुणाची तक्रार नाही."

"एकेचाळीस वर्षांत किती वेळा जिंकलो?" डोरीनने विचारलं.

"खेळ जिंकण्यासाठी नसतो, डोरीन."

"पण कोलेटचा पाय..."

"हे बघ, मला काही बोलायचं नाही. पण शेवटी बाईमाणसाचे पाय नाजूक."

आतमध्ये सतरा दणकट पुरुष बादल्यांत पाय बुडवून कण्हत होते. त्यांच्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं. या गावात पुरुषाचा पाय दुखला तर ती परंपरा असते. बाईचा दुखला तर तो पुरावा असतो.

डोरीनला हे वाक्य नवीन नव्हतं. बारा वर्षांची असताना तिनेही ऐकलं होतं, रॉसच्या बापाकडून. तिलाही तेव्हा चालता येईना. "नाजूक पाय," तो म्हणाला होता, आणि तिने खेळ सोडला. पुढे ती बस चालवायला लागली. बसमध्ये बसून काम असतं.

ती तडक कँटीनमध्ये गेली. लंगडणारी कोलेट आधीच तिथे कपाळाला हात लावून बसली होती. काउंटरमागे हेझल पिधोर्नी पिरोगी, म्हणजे उकडायच्या करंज्या, लाटत होती. वय चौऱ्याऐंशी, स्टॅनची बायको. गेली तीस वर्षं ती या रिंकमध्ये बटाट्याचं सारण भरून पिरोगी विकायची, आणि आठवड्यातून एकदा त्या कपाटाची काचही तीच पुसायची.

"हिचे स्केट्स आकसतायत, पिधोर्नीबाई," डोरीन म्हणाली. "लॉर्न तपास करतोय."

"मग सापडायला एप्रिल उजाडेल," हेझल म्हणाली. "मोजा काढ गं."

तिने एका ट्रेमध्ये मूठभर पीठ पसरलं, ट्रे जमिनीवर ठेवला. "उभी राहा यात. पूर्ण वजन टाक. उतर. आता स्केट ठेव शेजारी."

पिठात पाय उमटला होता. त्याच्या शेजारी कोलेटचा स्केट एखाद्या मोठ्या भावाशेजारी उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. पुरती दोन बोटं कमी.

"आकसले कुठे?" हेझल म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तुझ्या मापाचे नव्हतेच. पाय सुजत गेला, एवढंच. तुझा बूट आठ ना? मग स्केट सात. एक नंबर कमी, पातळ मोजा एकच, टाच हलता कामा नये, आणि सरळ उभं राहिलं की बोटं पुढे नुसती टेकायला हवीत. चेंगरायला नकोत. यात शोधायचं काय?"

"पण स्टॅन..." लॉर्न दारातून म्हणाला. तो आणि रॉस मागोमाग आले होते. "स्टॅनचा बूट आठ, स्केट पाच!"

"स्टॅनचे स्केट सात होते."

"कपाटात पाच आहेत," रॉस म्हणाला. "छापलाय नंबर."

"ते माझे आहेत."

हेझलने हात पुसले, कॉफीच्या पिंपामागच्या खिळ्यावरची कपाटाची किल्ली काढली, बाहेर गेली आणि पितळी पाटीवरचे स्केट्स घेऊन आली. खुर्चीत बसून तिने बूट काढला. पाय अलगद आत गेला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई नाड्या आवळून गावच्या परंपरेत पाय घालून उभी राहिली. परंपरा तिला मापात बसली.

"बूट सहा, स्केट पाच," ती म्हणाली. "एकोणसाठ साली आम्हा मुलींचा संघ होता. फोटो नाही. आमचा फोटो काढायला कोणी आलं नाही. रॉस, तुझ्या बापाला कपाटात ठेवायला स्टॅनचे स्केट्स हवे होते. पण ते तर स्टॅन घालून गेला."

"कुठे?"

"जमिनीखाली. त्याने सांगूनच ठेवलं होतं. शवपेटीचं झाकण कमरेपर्यंतच उघडतात, पायाकडे कोण बघतंय? मग तुझा बाप आठवड्याने घरी आला आणि खिळ्यावर टांगलेले माझे उचलून निघाला. मी म्हटलं, ते माझे आहेत. तर माझा हात हातात घेऊन म्हणाला, 'हेझल, दुःखात माणूस काहीही बोलतो.'"

डोरीन हिशेब करत होती. कपाट बसवलं ते त्र्याऐंशीत. चौऱ्याऐंशीत ती बारा वर्षांची होती. आठातून नाही, तिच्या पाच नंबरच्या पायातून तीन वजा झाले होते. तिने रॉसकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"तुझ्या दुकानात सात नंबर आहेत?" तिने विचारलं.

"मागच्या फडताळावर... मोठे नंबर कुणी घेतच नाही."

"बस बाहेर उभी आहे. चढ."

शनिवारी कोलेट तिन्ही डाव खेळली. एकही खेप चुकवली नाही. दुसऱ्या डावानंतर ट्रेंट बाकावर बसून नाड्या सैल करत होता, तिसऱ्यात गोलरक्षक कण्हत होता, आणि कोलेट उलटं स्केटिंग करत समोरच्या संघाचे हल्ले असे परतवत होती, जणू सकाळी पायात चपला घालून दूध आणायला निघालीय. शेवटच्या शिट्टीनंतर चार नंबरची जर्सी रॉसने तिच्या हातात दिली, तिच्याकडे न बघता.

लॉर्नने अहवाल लिहिला: 'माझ्या दबावामुळे आरोपी पाय स्वतः पुढे आला.'

सोमवारी रॉसच्या दुकानाच्या मागच्या दाराशी पुरुषांची रांग लागली. प्रत्येकाला मोठा नंबर हवा होता, आणि प्रत्येकाला तो चुलतभावासाठी हवा होता. चष्मा आणि गळपट्टा यांच्यामध्ये फक्त नाक दिसणारा एक गृहस्थ चुलतभावासाठी नऊ नंबर घेऊन गेला. डोरीन बसमध्ये बसून बघत होती. ते नाक तिच्या ओळखीचं होतं.

समितीची बैठक तीन तास चालली. पितळी पाटी स्क्रूने बसवलेली आहे, म्हणून ती काढता येणार नाही, एवढाच ठराव झाला. हेझलने आपले स्केट्स घरी नेले. कपाट रिकामं दिसायला लागलं, तेव्हा कोलेटने आपले जुने पाच नंबर, काळे, प्लास्टिकचे, पिवळ्या नाड्यांचे, मखमलीवर नेऊन ठेवले आणि किल्ली पिंपामागे अडकवली.

आठवडा गेला. कुणी काही बोललं नाही. जाणारा प्रत्येक जण काचेला हात लावून जात होता. लॉर्नने तर भिंग लावून तपासणी केली, काच उघडून वासही घेतला. "सन एकसष्टचं चामडं," तो म्हणाला. "एक नंबर प्रत."

मग एके दिवशी रॉस शेजारच्या गावातून आलेल्या नव्या खेळाडूला कपाटापाशी घेऊन आला आणि त्याने टोपी काढली.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "स्टॅनचे. याच जोडीने तीन गोल."

कँटीनमध्ये कोलेट, डोरीन आणि हेझल गरम पिरोगी खात होत्या.

"सांगू का त्याला?" कोलेटने विचारलं.

"सांग की," हेझल म्हणाली. "तो म्हणेल, तू दमलीयस."