एकनाथरावांच्या स्वभावाची वाटणी

एकनाथरावांनी आपला शेवटचा धडधाकट दिवस वाटणीत घालवला. शेत कधीच कुळांच्या नावावर झालं होतं आणि मलकपेठेतलं घर भाड्याचं.

"उरला माझा स्वभाव," ते म्हणाले. "तोच रीतसर वाटतो. महसुलात जन्म गेलाय माझा. या वाटणीत भांडण व्हायचं नाही."

निमित्त होतं धाकट्या मुलाचं, दत्तोबाचं. छप्पन्न साली राज्याचे तुकडे पडले, तसा तो हैदराबादच्या कचेरीतून उचलून औरंगाबादेला टाकला गेला होता. थोरला लक्ष्मणराव सुलतान बाजारातलं कापडाचं दुकान बंद करून आला. मधली तारामती जामबागेतल्या शाळेत शिकवायची आणि वडिलांपाशीच राहायची. अप्पांपेक्षा तिचं अक्षर चांगलं, म्हणून लेखणी तिच्याकडे.

"रीत शेताचीच," अप्पा म्हणाले. "वाटे मी घालणार, आधी उचलणार धाकटा. हा खरेपणा, ही सबुरी, आणि हे पाहुण्याला उपाशी न धाडणं."

दत्तोबानं झटकन सबुरी उचलली.

"म्हणजे खरेपणा माझ्या गळ्यात?" लक्ष्मणराव दचकला. "नक्को अप्पा. गज हातात धरणाऱ्याला खरेपणा देता? दत्तोबाला द्या. सरकारात चालतो."

"चालतो म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं, दादा?"

"बरं, मग पाहुणे घे."

"ते घरी हिला विचारून सांगतो."

घासाघीस दिवेलागणीपर्यंत चालली. शेवटी पाहुणे लक्ष्मणरावानं नाइलाजानं घेतले आणि खरेपणा सामाईक विहिरीसारखा दोघांत राहिला. हक्क दोघांचा, उपसायला कोणी नाही.

तारामती लिहीत होती. नवी ओळ सुरू व्हायच्या आधी तिची लेखणी जराशी थांबायची.

"झालं," अप्पा म्हणाले. "खाली घाल, लिहिणार तारामती."

तिनं घातलं, आणि चहा टाकायला चुलीकडे गेली. लेकीला वाटा नसतो, हीदेखील शेताचीच रीत होती.

सकाळी अप्पा उठले नाहीत.

दहाव्याला मुसी नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बायका तिथे जात नसत. तारामती कोणाला न विचारता गेली होती.

"त्यांचं काहीतरी राहिलंय," गुरुजी म्हणाले. "शब्द द्या."

दत्तोबानं जन्मभर सबुरी धरण्याचा शब्द दिला आणि पाठोपाठ विचारलं, "अजून किती वेळ, गुरुजी?"

मग लक्ष्मणरावानं हात जोडले. "अप्पा, खरेपणा सगळा माझा. गजामागं बोटभरसुद्धा चोरणार नाही." कावळा खाली उतरला, मान वाकडी करून लक्ष्मणरावाकडे पाहिलं आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर जाऊन बसला.

"तुमचं गिऱ्हाईक दिसतंय, दादा," दत्तोबा पुटपुटला. दोघांना हसू फुटलं, आणि हसता हसता दोघंही रडायला लागले.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. "झालं. आंघोळी उरका."

"खरा तर शिवलाच नाही," लक्ष्मणरावानं हळूच विचारलं. "मग तो शब्द धरायचा का?"

गुरुजी भांडी आवरू लागले. भाऊ पाण्यात उतरले. तारामती पिंडापाशी एकटीच उरली. झाडावरचे कावळेसुद्धा पोट भरून निघून गेले होते.

"अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली, "लिहिताना मी माझ्या नावाची वाट बघत होते."