पहिल्या रांगेचे गाव

रांग ही माणसाने निर्माण केलेली सर्वांत सभ्य संस्था आहे; तिच्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपण पुढे सरकत आहोत असे वाटते. राउटर नावाच्या यंत्राने ही संस्था निर्दोष केली. माझ्या वडिलांचे एक वाक्य त्याच्याकडे राहून गेले, पण ही तक्रार नव्हे. (तक्रारीसाठी टोल-फ्री क्रमांक आहे. तिथेही रांग आहे.)

इंटरनेटवर आपले बोलणे, फोटो, सिनेमे बारीक पाकिटांतून जातात. तारेत मावतील त्याहून जास्त पाकिटे आली की राउटर त्यांना रांगेत उभे करतो. रांगही भरली की नंतर येणारे पाकीट टाकून देतो. पंचनामा नाही, नातेवाइकांना निरोप नाही. फोटोचे पाकीट हरवले तर पाठवणारा जरा दमाने पुन्हा पाठवतो. बोलण्याचे कोणी पुन्हा पाठवत नाही. उशिरा पोचलेल्या शब्दाचा उपयोग नसतो, हे यंत्राला माणसांआधी कळले.

म्हणून राउटरमध्ये वेगवेगळ्या रांगा ठेवता येतात; पहिली नेहमी आधी सुटते. कुंडलजवळच्या आमच्या गावाला नेट पुरवणाऱ्या मतीनने पहिली रांग बोलणाऱ्यांना दिली होती आणि दुसरी बाकी सगळ्याला. गावाला हे कळेपर्यंत ठीक चालले होते.

आधी बैलगाडा शर्यत भरवणारे लालासाहेब आले.

"मतीन, आमी दुसऱ्या रांगेत व्हय रं?"

"आवं, पैली बोलणाऱ्यांची हाय."

"मग आमी काय मुकं हाय?"

त्यांना पहिली मिळाली हे ऐकून धोंडुबाई आल्या. "त्येला पैली आन् मला दुसरी? माझा ल्योक मिल्ट्रीत हाय!" मागोमाग तालीम मंडळ आले, पतसंस्था आली, आमची मशिदीची जमातही आली.

"सगळीच पैलीत आली तर रांग एकच झाली की," मतीन म्हणाला.

"होऊ दे की. पण पैली पायजे," लालासाहेब म्हणाले.

अशा रीतीने शंभर टक्के ग्राहक अग्रक्रमावर असलेले तालुक्यातील ते पहिले गाव ठरले. दुसरी रांग रिकामी राहिली. ग्रामसभेने मतीनला शाल-श्रीफळ दिले.

शर्यतीच्या रविवारी मी मस्कतहून अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. ते अंथरुणाला खिळलेले, दम पुरत नसे. त्या दुपारी त्यांनी स्वतः मला फोन लावायला सांगितले होते. त्यांच्या बहिणीने, ताहेरा फुफूने, मोबाइल उशीला टेकवला, "बापलेक बोला निवांत," म्हणाली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतले. मैदानावर मतीनच्या वायफायवरून साठ मोबाइल लाईव्ह होते. साठही तीच बैलजोडी दाखवत होते.

"नौशीन, ऐक," अब्बा म्हणाले. "तुझ्या अम्मीलाबी मी कवा सांगितलं न्हाई, पण..."

चित्र थांबले. तोंड उघडे, हात जरा वर.

सुरू झाले तेव्हा ते म्हणत होते, "...बास, एवढंच. लय हलकं वाटतंय बघ. कळलं न्हवं?"

त्यांना धाप लागली होती.

"कळलं, अब्बा," मी म्हणाले.

दिवस मावळायच्या, मगरिबच्या नमाजाच्या आत ते गेले.

शर्यतीचे नुकसान झाले नाही. तिची हरवलेली पाकिटे पुन्हा पाठवली गेली, त्यामुळे ती आजही साठ बाजूंनी संपूर्ण पाहता येते. तीन लाख लोकांनी पाहिली. तुम्हीही पाहून पुढे पाठवली असेलच.

पहिली जोडी कोणाची आली हो?