रेकॉर्डरला मानाचा नंबर

एका जंगलात, मुलांनो, पाणी पिण्याचाही मान होता. पहिला घोट सिंहमहाराजांचा. मग राणीसाहेबांचा. मग प्रधान तरसाचा. बाकीच्यांनी कोरड्या तोंडाने रांगेत उभं राहायचं.

पण रोज सकाळी महाराज पोचायच्या आत कुणीतरी पाणी ढवळून जाई. म्हणून महाराजांनी पाणवठ्यावर कॅमेरा लावला आणि गुहेत व्हिडिओ रेकॉर्डर आणून ठेवला. तो गुहेतल्या नेटवर्कला जोडायचं काम खवल्याकडे आलं.

खवल्या म्हणजे खवले मांजर. कामात हुशार, पण बोलायची वेळ आली की अंगाचा गोळा करून बसे.

"सूर्य मावळायच्या आत महाराजांच्या कॉम्प्युटरवर पाणवठा दिसला पाहिजे," तरस म्हणाला. "नाहीतर तुझं बीळ माझ्या मेहुण्याला. त्याला कधीची वडाखालचीच जागा हवीये."

त्या बिळात खवल्याची बायको होती आणि तिच्या शेपटीवर बसलेलं आठ दिवसांचं पिल्लू.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला आपापला नंबर लागतो. महाराजांच्या कॉम्प्युटरचा एक, राणीसाहेबांचा दोन, प्रधानांचा तीन. खवल्याने रेकॉर्डरला चार दिला.

तरस खवळला. "चार? अरे, हे महाराजांचे डोळे! ते माझ्याही खाली? एक दे!"

"पण प्रधानजी, एक तर महाराजांचा..."

"म्हणूनच दे!"

खवल्याने दिला. महाराजांच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. दोन्ही यंत्रं एकाच नंबरावर हक्क सांगू लागली.

"दोन बिळांना एकच नंबर दिला, तर टपाल टाकणाऱ्या खारूताईनं जायचं कुठे?" खवल्या गोळ्यातूनच पुटपुटला.

"शहाणपणा नको. वायर बदल."

वायर बदलली.

"नारळ फोड."

नारळ फोडला. पाणी रेकॉर्डरवर उडालं. ते पुसलं. पडदा काळाच.

गुहेबाहेर मेहुणा वडाखालची जागा पावलांनी मोजत होता. खवल्याने ते पाहिलं आणि त्याचा गोळा आपोआप उलगडला. त्याने गुपचूप पुन्हा चार नंबर घातला. मग गेरू कालवून रेकॉर्डरच्या डब्यावर वीतभर उंच 'एक' रंगवला.

पडदा उजळला. सकाळी रेकॉर्ड झालेला पाणवठा दिसला. आणि महाराजांच्या आधी घटाघटा पाणी पिणारा तरसही दिसला.

तरसाच्या तोंडचं पाणी पळालं. पण तेवढ्यात आलेले महाराज पडद्याकडे बघतच नव्हते. ते डब्यावरचा एक बघत होते.

"वा! आमच्या बरोबरीचा मान! प्रधानजी, ही तुमचीच सूचना ना?"

"आपली कृपा, महाराज," म्हणत तरस पडद्याच्या बरोबर पुढ्यात येऊन उभा राहिला.

बीळ वाचलं. आता जंगलात ज्याला त्याला यंत्र जोडून हवंय, आणि प्रत्येकाला नंबर मात्र पहिलाच हवाय. खवल्या हत्यारांच्या पिशवीत सगळ्यात वर गेरूचा डबा ठेवतो.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, पण फक्त यंत्राशी. मोठ्या माणसांसाठी डब्याच्या बाहेरून भरपूर जागा असते.