सगळ्यांना मारलेली हाक

सायमीच्या प्रोबेशनचा आज शेवटचा दिवस होता, आणि तिचा नवा सर्व्हर जगात आपण एकटेच असल्यासारखा वागत होता.

उत्तर फिनलंडमधल्या त्या ग्रंथालयाचा कारभार तीन सर्व्हर मिळून सांभाळत. चौथ्याला त्यांच्यात सामील करायचं काम सायमीचं. जमलं तर नोकरी कायम. सकाळी चौथा सुरू झाला आणि त्यानं नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक दिली, कुणी आहे का? तीन सेकंद वाट पाहिली. उत्तर नाही. मग त्यानं स्वतःलाच प्रमुख नेमलं आणि तो त्या तिघांना न विचारता परस्पर कामाला लागला.

तासाभरात खालच्या काउंटरवरून फोन आला. "अगं, एकाच पुस्तकासाठी दोन आजींना 'घेऊन जा' असा निरोप गेलाय! दोघी ते धरून उभ्या आहेत. सोडतही नाहीत आणि बोलतही नाहीत!"

सायमीनं चौथा बंद केला, तारा बदलल्या, पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच.

"कुणाला काही सुचतंय का?" तिनं खोलीला विचारलं. पाचही सहकाऱ्यांच्या माना आपापल्या स्क्रीनमध्ये.

सायमी पूर्वेकडच्या कारेलिया प्रांताची, तिकडची माणसं बसथांब्यावरही गप्पा मारतात. इथे सहा महिने ती रोज दारातून "गुड मॉर्निंग, मंडळी!" म्हणत होती आणि एकदाही उत्तर आलं नव्हतं. आपण इथे कुणालाच नको आहोत, हे तिला फार लागलं होतं.

शेवटी ती त्या पाचांतल्या, नेटवर्क सांभाळणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या रेइमाच्या टेबलाशी गेली. "रेइमा, याची हाक त्या तिघांपर्यंत पोचतच नाही रे."

"नाहीच पोचणार. सगळ्यांना मारलेली हाक मी बंद करून ठेवलीय. नऊ वर्षं झाली."

"का पण?"

"उगाच कालवा. त्या तिघांत एकमेकांचे पत्ते हातानं लिहिलेत. ज्याच्याशी काम, त्यालाच विचारावं."

"अरे, मग सकाळीच सांगायचं ना!"

"तू मला कुठे विचारलंस? खोलीला विचारलंस."

चौघांतही एकमेकांचे पत्ते लिहिताच चौथा मुकाट्यानं तिघांत जाऊन बसला. दुपारी साहेबीणबाईंनी तिची नोकरी कायम केल्याच्या कागदावर सही केली. निघताना सायमीला राहवलं नाही. "रेइमा, माझं गुड मॉर्निंग ऐकू यायचं तुला?"

"रोज. बरं वाटायचं. पण ते सगळ्यांना होतं ना."

दुसऱ्या दिवशी ती दारात थांबली. "गुड मॉर्निंग, रेइमा."

"मॉर्निंग, सायमी."

ती खुशीत जागेवर बसली. खोलीत एकही कीबोर्ड वाजत नव्हता. तिनं मान वर केली. उरलेले चौघे खुर्च्या तिच्याकडे वळवून, ताठ बसून आपापल्या नावाची वाट पाहत होते.